‘चाव’चा अर्थ

हुडकेश्वर, नागपूर

आदरणीय मामाजींना सविनय जय भीम.

आपली प्रकृती कशी आहे? मामींचे गुडघे थंडीत फार छळत नसतील अशी आशा करतो. आमचे आबाजी ठणठणीत आहेत, आणि माझ्या अडचणीचे मूळ तेच आहे.

मी कॉफीच्या दुकानात लागलो हे आपल्याला ठाऊकच आहे. मालक शरच्चंद्र सर इटली फिरून आले आणि त्यांनी नियम केला, की जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दारापर्यंत सोडून “चाव” म्हणायचे. तिकडे निरोप घेताना असेच म्हणतात. मीही म्हणत होतो. पण अर्थ माहीत नसलेला शब्द तोंडात ठेवणे मला सोसत नाही (कणकण आल्यासारखे वाटते), म्हणून मोबाईलवर शोधले. तर मामाजी, व्हेनिस नावाच्या शहरात जुन्या काळी लोक एकमेकांना “मी आपला गुलाम” म्हणत. घासून घासून त्यातला गुलाम तेवढा उरला, तोच हा “चाव”.

हे मी जेवताना घरी सांगितले. सांगायला नको होते. आबाजींचा घास हातातच राहिला.

“माह्या बापानं छप्पन साली पाटलाच्या दारातला जोहार सोडला. अन् तू एसीत उभा राहून घालून राहिला काय गा?”

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून दुकानात आले, बिनसाखरेची कॉफी (औषधासारखी) संपवली आणि निघताना दाराशी थांबून माझ्याकडे पाहू लागले. पुढे आबाजी, मागे सर. माझ्या तोंडून “जय भीम” निघाले. दोन टेबलांवरूनही “जय भीम” आले. नंतर सरांनी मला मागे कप धुवायला पाठवले आणि बजावले, की “चाव” म्हणायची तयारी नसेल तर पुढच्या महिन्यापासून घरीच बस.

आपला (आज्ञाधारक लिहिणार होतो, पण हात अडला)
जितेंद्र

ता. क. हिंगण्याला आपल्या कंपनीत जागा असल्यास कळवावे. गेटवर साहेबांना काय म्हणावे लागते, तेही आधी कळवावे.

ता. क. दुसरा. आबाजी आता रोज दुकानात येतात. दाराशी माणूस नसल्याने सर स्वतः त्यांना सोडायला जातात आणि वाकून “चाव” म्हणतात. आबाजी त्यांच्या खांद्यावर हात ठेवतात, “असं म्हणू नये बाबू. सरळ उभा राह्य.” सरांना तो आशीर्वाद वाटतो. खरा अर्थ सांगितल्यावाचून मला फार दिवस राहवणार नाही, म्हणून उत्तर लवकर पाठवावे.