वंशावळीबाहेरची राहीआत्या

उमरठ, ता. पोलादपूर
दि. ९ जानेवारी २०२४

प्रिय अनुपमाताईस,
विनीतचा सा. न. वि. वि.

माझा वाईट कोलेस्ट्रॉलचा आकडा दोन महिन्यांच्या गोळीने २६८ वरून १४१ वर आला! कागद मी तीनदा वाचला, मग कंपनीत पॅकिंग खात्यातल्या सर्वांना दाखवला. माझा चुलतभाऊ सदूदादा मात्र चिडवत होता, की पन्नास किलोच्या माणसांना कसलं आलंय कोलेस्ट्रॉल, ते जाड्या शेठांचं दुखणं. मी त्याला तुझंच वाक्य ऐकवलं, की हा दोष जाडीमुळे नाही, जन्मतः जनुकातून येतो. आमचे बाबा बेचाळिसाव्या वर्षी गेले, मुरारीकाका एकोणचाळिसाव्या. दोघेही काटक होते. हे ऐकून तोही तुझ्या प्रयोगशाळेसाठी रक्त द्यायला आला.

तू मामांची मुलगी, म्हणून आमच्या कुळाची तुला माहिती नसणार. उपाध्यांच्या वहीतून वंशावळ उतरवून तक्ता सोबत जोडला आहे. चार पिढ्या, सत्तावीस नावे, दोनदा तपासली. आता आमच्यातलं आणखी कोणी असं अवेळी जाऊ नये, एवढंच वाटतं.

तुझा लोभ माझ्या गोळीसारखा रोज चालू राहावा.
विनीत

पुणे
दि. १८ जानेवारी २०२४

चि. विनीत यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता प्रयोगशाळेत हातोहात फिरला. इतकं सुबक अक्षर आमच्या विद्यार्थ्यांचंही नाही. मग सरांनी विचारलं, की या घराण्यात चार पिढ्यांत एकही मुलगी जन्मली नाही का? मला हसू आलं आणि धस्सही झालं.

अरे, हा दोष मुलींकडेही तितकाच जातो आणि त्यांच्याकडून त्यांच्या मुलांकडे. बायकांना छातीचा त्रास बहुधा उशिरा होतो, म्हणून कोणी बघत नाही. घोट्यामागच्या शिरेवर गाठी येणं ही याच दोषाची खूण, तशी एखादी आत्या आठवते का? शोध, आणि धांदल न करता.

जेवणाखाण्याकडे लक्ष दे. आमची आठवण असू दे.
तुझी ताई

पोलादपूर
दि. ४ फेब्रुवारी २०२४

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

लाज वाटली. लग्न झालेल्या मुली वहीत नाहीत, म्हणून मीही त्यांना लिहिलं नाही. बाबांची सख्खी बहीण राहीआत्या वरंधला दिलेली आहे, मोटारसायकलने दीड तास. तिचे पाय पाहिले आणि मी ओरडलोच, की आहेत, आहेत! आत्या म्हणाली, मेल्या, माझ्या गाठींचं तुला कसलं रे कौतुक.

पण पुढचं ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. तिचा मुलगा श्रीधर सहा वर्षांपूर्वी शेतात छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. वय छत्तीस. तेव्हापासून गाव त्याच्या बायकोला, शुभदावहिनींना, पांढऱ्या पायाची म्हणतं, आणि आत्याही. त्यांची इरावती आता नऊ वर्षांची आहे.

तिघींचे नमुने पाठवले आहेत. लवकर कळव, माझं कामात चित्त नाही. नव्या तक्त्यात एकोणीस बायका भरल्या.

रागावली नसशील, तर लोभ राहू दे.
विनीत

पुणे
दि. २६ फेब्रुवारी २०२४

चि. विनीत यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्यात आहे तोच बदल आत्यांमध्ये सापडला, आणि इरावतीतही. तिचा आकडा २३१. घाबरू नकोस, आनंद कर. तिच्या वडिलांचं कोणाला कळलंच नाही, ही नवव्या वर्षी सापडली! वेळेवर उपचार चालू ठेवले, तर ती इतर मुलींसारखीच मोठी होईल. ६ मार्चला, बुधवारी घेऊन या, बालरोगतज्ज्ञांशी बोलले आहे.

वहिनींचं रक्त अगदी निर्दोष आहे. सर्वांचा अहवाल साध्या मराठीत लिहून जोडला आहे. मोठ्याने वाच.

सर्वांना माझा नमस्कार पोचव.
तुझी ताई

वरंध
दि. २ मार्च २०२४

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

अहवाल वाचला तेव्हा शेजारच्या दोघी दारात उभ्या होत्या. आत्याने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग उठून वहिनींसमोर गेली आणि म्हणाली, “तुझ्या पायानं नाय गेला गो तो. माझ्या रक्तातनं त्याच्यात गेलेलं हाय. सहा वरसं मी तुलाच बोलले.”

वहिनींनी पदराने तोंड पुसलं. मग त्यांनी मला विचारलं, की पुण्याची गाडी कधी आहे. इरावतीला खिडकीची जागा हवी आहे.

आजवर कोणी प्रवासाला निघालं, की वहिनींना आतल्या खोलीत थांबावं लागे. बुधवारी घरातून निघताना उंबऱ्याबाहेर पहिलं पाऊल त्यांनीच टाकायचं, असं आत्याने शेजारणींच्या देखत सांगितलं आहे.

आम्ही चौघे येत आहोत, तेव्हा बाकीचा लोभ समक्षच.
विनीत