टिपची कड

चिमे,

मी स्नूकरच्या हॉलवर पुढे जातोय. मॅच चारला आहे, उशीर करू नकोस. बाबांचीच क्यू हवी म्हणून हटून बसलीस, तेव्हा काल त्या काठीच्या टोकाची चामड्याची टिप बदलली. बाबा गेल्यापासून जुनी पार दगड झाली होती. पाकिटातल्या सगळ्या टिपा फरशीवर टाकून पाहिल्या आणि खणखणीत वाजली ती चिकटवली. गोंद पक्का व्हावा म्हणून घासायचं काम सकाळवर ठेवलं. क्यू खोलीत ठेवून कुलूप लावलं, किल्ली माझ्याच खिशात होती.

सकाळी पाहतो तर टिप घासून छान गोल झालेली. कड थुंकीने ओली करून कापडाने चकचकीत केलेली, बाबा करायचे अगदी तशी. मला ती जन्मात जमली नाही. "तुझ्या हातालाच घाई आहे," असं तेच म्हणायचे ना!

टिप उपटून टाकणार होतो, पण हात धजेना. आईला यातलं काही सांगू नकोस. खेळ त्याच क्यूने, फक्त खडू लावण्याआधी कडेला बोट लावून बघ.

तीन तास झाले, पंखा चालू आहे, तरी ती अजून ओलीच आहे.

दादा