बाटलीवरचा कोड

सूनबाई,

१९७४ साली हा छापखाना सुरू झाला, तेव्हा तुझे सासरे लेबलावर बोटभर जागा मोकळी सोडत नसत. "कोरा कागद काय गिऱ्हाईक वाचणार आहे?" म्हणायचे. तू मात्र औषधवाल्यांशी भांडून मोबाइलला नीट वाचता यावा म्हणून क्यूआर कोडभोवती कोरी पांढरी चौकट राखलीस, सोनेरी शाई नाकारलीस, गोल बाटलीवर वाकू नये म्हणून कोड लहान केलास. एकही कोड अडला तर काम काढून घेऊ, असं औषधवाले बजावून गेले होते. आत्ताच त्यांचा फोन आला. सगळे कोड पहिल्या झटक्यात उघडले. तुझा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही.

सासरे फोटोत गेले, छपाईचे शिशाचे खिळे जुळवणारे काका लेकीकडे राहायला गेले, जुनं यंत्र भंगारात निघालं. मी छापखान्याची पाटी रंगवणाऱ्याकडे चालले आहे. मालकीण म्हणून तुझं नाव घालून घेते.