रताळ्याचं सूप आणि दोन झाकणं

मखमलाबाद, नाशिक
पौषातली एकादशी होऊन तिसरा दिवस

चि. ज्ञानेश यास,

तुझी आजी नवसाबाई हिचे अनेक आशीर्वाद. (आजी म्हणजे तुझ्या बापाची आई. उंचीने कमी, डाव्या गालावर तीळ, राहणार शेवंतीच्या वाफ्याशेजारच्या घरात. दिवाळीनंतर मागच्या आठवड्यापर्यंत तुझं पत्र नव्हतं, तेव्हा ओळख पटायला अडचण नको म्हणून खुणा लिहवून घेतल्या.) इकडे सर्व ठीक. माझे गुडघे आहेत तिथेच आहेत, फक्त मी उठले की ते उठत नाहीत. दोन्ही म्हशी दूध देतात. तुझी तब्येत कशी आहे? बंगलोरला थंडी असते म्हणे. तू विसरून गेलेला स्वेटर इथे खुंटीला आहे, त्याला सर्दी नाही.

पत्र तुझी आई लिहिते आहे. मी बोलते, ती लिहिते, आणि मधेच अक्षर वाकडं झालं की समजायचं, मी तिच्याबद्दल काहीतरी बोलले. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू नुसता हं हं करतोस. कागद हं करत नाही.

तर तुझ्या पत्रात असं होतं की तुझ्या ऑफिसातली शुभांगी नावाची मुलगी सुट्टीला एकलहऱ्याला आईवडिलांकडे आली आहे, ती रविवारी आपल्याकडे जेवायला येईल, ती दूध, दही, तूप, लोणी, मध यातलं काही खात नाही, तिला सोबत पाठवलेल्या कागदाप्रमाणे रताळ्याचं आणि शेंगदाण्याचं तिखट सूप करून घालावं, आणि ती फक्त मैत्रीण आहे. ही शेवटची गोष्ट तू तीन वेळा लिहिली होतीस. शिवाय खाली बारीक अक्षरात, "आजी, तू हो म्हणालीस की बाबा हो म्हणतील, आणि तिला घर कसं वाटतं त्यावर ती ठरवेल." फक्त मैत्रिणीने आमचं घर बघून काय ठरवायचं आहे ते तू लिहायचं विसरलास. रविवारी एकादशी आहे हेही विसरलास. बाकी पत्र चांगलं होतं.

तुझ्या बापाने ते ऐकलं आणि दोन म्हशींच्या घरात बिनदुधाचा चहा पिणारी सून कशी नांदायची, असं विचारून तो फुलं घेऊन बाजारात गेला. संध्याकाळी आल्यावर तेच पुन्हा विचारलं. मी त्याला सांगितलं की आपल्या म्हशीही दूध पीत नाहीत आणि त्या अकरा वर्षं नांदताहेत. ते त्याला पटलं नाही. तेव्हा हा निकाल माझ्यावर येऊन पडला, आणि मी तो त्या सुपावर टाकला.

मला विचारशील तर तिचं वागणं मला काही विचित्र वाटलं नाही. तू त्याला व्हेगन की काय नाव लिहिलं आहेस. आमच्याकडे त्याला नेम म्हणतात. तुझ्या आजोबांना टायफॉइड झाला तेव्हा मी एकादशी बोलले होते. ते उठले आणि मी अडकले, त्याला एक्कावन्न वर्षं झाली. लोक विचारतात, एकादशीने काय होतं? काही होत नाही, दुसऱ्या दिवशी द्वादशी होते. पण धरलं ते धरलं. दुसऱ्याचा नेम आपल्या हातून मोडू नये एवढं मला कळतं. म्हणून मी ठरवलं की सूप मी स्वतः करणार. (तुझी आई इथे थांबली. मी म्हटलं, लिही. तिच्या हातचं वाईट असतं असं मी म्हटलेलं नाही, आज तरी नाही.)

आता तुझा कागद. तुझी आई वाचत होती आणि मी ऐकत होते. पहिलीच ओळ, शेंगदाण्याचं लोणी दोन मोठे चमचे. मी म्हटलं, लोणी तर ती खात नाही. आम्ही दोघी त्या ओळीवर अर्धा तास बसलो. मग तुझ्या आईने कोपऱ्यावरच्या बूथवरून तुला फोन लावला, तू मीटिंगमध्ये होतास. (रताळ्याच्या प्रश्नावर सापडत नाही असा माणूस कंपनीत काय करतो ते एकदा कळव.) शेवटी मी म्हटलं, दाणे भाजून तेल सुटेपर्यंत वाटू, त्याला लोणी म्हणायचं का ते त्यांचं त्यांनी बघावं. पुढे, नारळाचं दूध एक कप. मी पुन्हा थांबवलं. तुझी आई म्हणाली, आत्या (सासूला ती आत्याच म्हणते), नारळ जनावर नाही. तेवढं मला माहीत होतं, पण ज्या पोरीसाठी एवढी खबरदारी घ्यायची तिच्या कागदात लोणी आणि दूध लिहिणाऱ्याने जरा विचार करायला हवा होता. आणि कप म्हणजे कोणता कप? आपल्या घरात सात कप आहेत, सातही वेगळे, एकाला कान नाही. मी बिनकानाचा घेतला, तो कुणाचं ऐकत नाही.

सकाळी दहाला मिक्सर लावला आणि वीज गेली. (तिचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला आहेत. त्यांचा यात काही दोष नाही असं तुझा बाप म्हणतो, आणि त्या घराच्या बाजूने तो बोललेला तो पहिला शब्द, म्हणून लिहवून घेतला.) मग पाटा काढला. दाणे वाटले, आलं, लसूण, लाल मिरच्या वाटल्या. कागदावर लिहिलं होतं, तिखट आवडीप्रमाणे. कुणाच्या आवडीप्रमाणे ते नव्हतं. आणि मला एकादशी, म्हणजे चव घेता येत नाही. एक्कावन्न वर्षांत मी पहिल्यांदा न चाखता कांदा-लसणाचा पदार्थ केला. कांदा तेलात परतला, टोमॅटो घातला, रताळी घातली, वाटण घातलं, नारळाचं दूध घातलं. तुझ्या आईने चमचाभर चाखलं, पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, छान झालंय.

आता गंमत अशी की एकादशीला मी काय खाते? भगर, आणि तिच्यावर शेंगदाण्याची आमटी, तीत रताळ्याच्या फोडी. म्हणजे तू बंगलोरहून कंप्युटरमधून छापून पाठवलेला पदार्थ मी महिन्यातून दोनदा खाते, फक्त त्यात कांदा-लसूण नाही आणि फोडणी साजूक तुपाची. तेव्हा शेजारच्या चुलीवर माझी आमटी. दोन्ही पातेली तुझ्या आईच्या माहेरची, एकाच मापाची. दोन्हींचा रंग पुरात गोदावरीला येतो तसा. वीज नाही, माझा मोतीबिंदू एकाच डोळ्याचा काढलेला. मी म्हटलं, गफलत होईल. तेव्हा तुझ्या आईने दोन चिठ्ठ्या लिहून कणकेने झाकणांवर चिकटवल्या, एकीवर "आत्या", दुसरीवर "शुभांगी". (हे तिने आपणहून दोनदा वाचून दाखवलं. सुंदर अक्षर आहे म्हणतात.)

मुलगी साडेबाराला आली, रिक्षाने. हडकुळी आहे, पण पाय धुऊन घरात आली. जेवणाआधी गोठा बघायला गेली. आपली थोरली म्हैस, जी तुझ्या बापाला आठवड्यातून एकदा लाथ मारते, ती हिच्याकडून मान खाजवून घेत उभी राहिली. तुझा बाप दारातून बघत होता. दूध पीत नाही तर म्हशीशी हिचं काय काम, एवढंच म्हणाला, पण हळू म्हणाला.

पानं मांडली. तुझी आई चुलीपाशी भाकरी थापत होती, तिथून तिने झाकणं वाचून सांगितली, डावीकडचं शुभांगीचं, उजवीकडचं तुमचं, आणि मी वाढलं. शुभांगी आणि मी समोरासमोर बसलो. तुझ्या बापाने, मी काही आजारी नाही, असं म्हणून सूप नाकारलं आणि पिठलं घेतलं. शुभांगीने पहिला घास घेतला आणि थांबली. डोळे भरून आले. तुझी आई तिखट लागलं म्हणून गूळ घेऊन धावली. त्याच वेळी मला ठसका लागला. म्हातारपणी लागतो. मग आम्ही दोघी जेवलो. तिने वाटी पुसून खाल्ली, मीही खाल्लं. जेवण झाल्यावर भांडी मीच घासली, दोन्ही पातेलीसुद्धा, तुझ्या आईने चव घ्यायच्या आत. शुभांगी राखेने घासायला बसली माझ्याजवळ. बारा वर्षांत मी भांड्याला हात लावला नव्हता, त्यामुळे तुझी आई अजून त्याचा अर्थ लावते आहे.

चारला ती गेली. निकाल काय ते मी विचार करून सांगेन. मुलगी बरी आहे, बोलते कमी. तुझ्या बापाचं तोंड अजून तसंच आहे. जिवाला जप, रात्री फार जागू नकोस, स्वेटर विकत घेऊ नकोस.

तुझी आजी
नवसाबाई (अंगठा)

ता. क. तुझी आई म्हणते, चिठ्ठ्यांमुळे घोटाळा टळला हे ठळक लिहायला पाहिजे. लिहिलं.

ता. क. दुसरा. अक्षर बदललेलं दिसेल. तुझी आई म्हशींना पाणी दाखवायला गेली आहे आणि हे चांगुणा लिहिते आहे, आपल्याकडे हार गुंफायला येते ती. सातवी पास आहे आणि तिने तुळशीवर हात ठेवून शपथ घेतली आहे.

घोटाळा टळला नाही. झाकणं लावल्यावर मी ढवळायला दोन्ही उघडली होती, आणि परत ठेवताना कुठलं कुठे ठेवलं ते देवाला माहीत. मला दोन्ही चिठ्ठ्या सारख्याच दिसतात, हे तुझ्या आईच्या तीस वर्षांत लक्षात यायला हवं होतं. तिने वाचलं ते बरोबरच वाचलं. तुम्ही शिकलेली माणसं झाकणावर लिहिलेलं बघता, आत काय आहे ते बघत नाही.

मी घास तोंडात घेतला आणि लसूण. म्हणजे तूप समोर गेलं. मी वर बघितलं तर ती थांबलेली, डोळ्यांत पाणी. ते तिखटाचं नव्हतं. मला वाटलं, आता ही पानावरून उठणार, आणि तू उरलेला जन्म मला पत्र लिहिणार नाहीस. मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिने चुलीकडे पाहिलं, तुझी आई घामाघूम होऊन भाकरी थापत होती, मग तिने तुझ्या बापाकडे पाहिलं, तो वाटच बघत होता, आणि तिने दुसरा घास घेतला. मग मीही घेतला. ती थांबली असती तर मी थांबले असते. आम्ही एकमेकींकडे बघत शेवटपर्यंत खाल्लं.

भांडी घासताना ती खाली मान घालून म्हणाली, "आजी, एकादशीला लसूण चालतो?"

मी म्हटलं, "तुला तूप चालतं तेवढाच."

ती म्हणाली, "चार वर्षांत पहिल्यांदा."

मी म्हटलं, "माझं एक्कावन्न वर्षांत."

त्यावर तिने थोडा हिशेब केला आणि म्हणाली, "मग तुमचं जास्त गेलं. सॉरी." तिच्या वाटीत तूप मी घातलं आणि सॉरी ती म्हणाली. मी तिला रागाव म्हटलं. ती म्हणाली, पुढच्या वेळी दोन्ही पातेली मी उघडून बघेन. पुढच्या वेळी, हे शब्द तिचे आहेत. चांगुणाला दोनदा लिहायला सांगितले, पुढच्या वेळी, पुढच्या वेळी.

आम्ही ठरवलं की मोडलेलं सोमवारी भरून काढायचं, द्वादशीला दोघींनी काही खायचं नाही, मी इथे, ती एकलहऱ्याला. असं शास्त्रात आहे की नाही ते मी वाचलेलं नाही, वाचता येत नाही त्याचा हा एक फायदा. सोमवारी सायंकाळी तिने बूथवाल्याकडे निरोप ठेवला, आजींना सांगा, मी पाळलं. तुझ्या बापाला वाटतं माझं पोट बिघडलं होतं.

तेव्हा निकाल असा की मी हो म्हटलं आहे. ते तुझ्या बापाला मी शुक्रवारी सांगेन, फुलांना भाव चांगला असतो. तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस, तिची झाकणं तशीच राहू देत.

ता. क. तिसरा आणि खरं काम. एकलहऱ्याहून तिचे आईवडील बोलायला येणार, त्यांचं तोंड गोड करायला पेढे चालायचे नाहीत, मुलगी समोर बसून बघत राहील. तुमच्याकडचा तो प्रसिद्ध म्हैसूरपाकही नको, तो तुपात पोहायला शिकलेला असतो. बिनदुधाचं, बिनतुपाचं, बिनमधाचं काही गोड तिकडे मिळत असेल तर शोध, आधी पाव किलो पाठव, मी चाखून बघते. एकादशी सोडून कुठल्याही दिवशी पोचेल असं पाठव. डब्यावर काही लिहू नकोस.