दोष क्रमांक सात

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

एक तास बारा मिनिटं सव्वीस सेकंद. डाव्या कडेला भाला उगारलेला सैनिक. बाही खाली घसरते — आणि मनगटावर घड्याळ!

सुलतानांच्या काळातली लढाई, आणि घड्याळ. अडतीस वर्षांत कुणाला दिसलं नाही. दिसणार कसं? टीव्हीवर दाखवताना दोन्ही कडा कापायचे, आणि कॅसेट म्हणजे नुसता धूर. आता ‘शमशेर-ए-दख्खन’ची नवी डिस्क निघाली. मूळ निगेटिव्हवरून साफ केलेली, पूर्ण रुंदीची. मी चार वेळा मागे-पुढे केलं. घड्याळच.

संग्राहकांच्या ग्रुपवर कालपासून लोकांची मतं येतायत. ‘बचपन याद आ गया.’ ‘आता असे सिनेमे होणे नाही.’ ‘किल्ल्यावरून घोड्यासकट उडी — अंगावर काटा!’ ही मतं नव्हेत, उसासे आहेत. मी अकरा दोषांची यादी टाकली. वेळ, जागा, स्वरूप. तिसऱ्या रिळात हिरवट झाक. मध्यंतराची पाटी गायब. तलवारींचा आवाज चित्राच्या दोन फ्रेम मागे. घड्याळ सातव्या क्रमांकावर, सोबत मनगटाचं चित्र. शेवटी एक वाक्य — चूक गोड असली तरी चूकच असते.

वाळूजच्या कारखान्यात आठवडाभर हेच करते. गिअरचे दात मोजायचे, मापात नसेल तो बाजूला काढायचा. रविवारी घरी करते, एवढाच फरक.

११ फेब्रुवारी

क्रमांक सात गाजतोय. त्याला ‘ड्युटीवर वेळेत आलेला सैनिक’ म्हणतायत. ग्रुप चालवणारे राजकुमार — औरंगपुऱ्यात त्यांचं जुन्या कॅसेट आणि डिस्कचं दुकान आहे — लिहितात, ‘मायक्रॉन भाई, आँख है के दुर्बीण? लोगां हैरान हैं!’

मायक्रॉन म्हणजे मी. भाई नाही. पण दुरुस्त केलं नाही. तिथं कुणाला माझं नाव कळायची गरज नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज चाळीस नग परत पाठवले. ओरखडा. लाइनवरचे धम्मपालदादा म्हणाले, ‘मॅडम, बोटाला लागत नाही हो हा ओरखडा. तुमच्या डोळ्यालाच लागतो.’ सगळे हसले. मी नाही.

दिवसभर पाय हलवत बसले होते. कारण सापडलं नाही.

२१ फेब्रुवारी

डिस्क काढणाऱ्या कंपनीचं पत्र! ग्रुपवरची यादी त्यांच्यापर्यंत पोचली. अकरापैकी नऊ दोष मान्य. सुधारलेली डिस्क काढणार. ज्यांनी घेतलीय त्यांना बदलून मिळेल, जुनी परत करायच्या अटीवर. मी फॉर्म भरला, सही केली. यादी माझी म्हणून पहिली प्रत मला.

जेवताना आईला सांगितलं नाही. काय सांगणार? तिला वाटतं मी टीव्हीसमोर डोळे फोडते.

२ मार्च, रविवार

नीट क्रमानं लिहिते.

आई मेथी निवडायला माझ्या शेजारी येऊन बसली. एरवी बसत नाही. मी तोच प्रसंग लावला होता. तिनं सहज वर पाहिलं.

‘थांब थांब! माघारी घे जरा.’

घेतलं. थांबवलं. आई उठून पडद्याजवळ गेली. मेथीचा हात तसाच काचेवर ठेवला.

‘दादा! रूपा, हा मोतीरामदादा आहे.’

मोतीराममामा. आईचा थोरला भाऊ. वाळूजला कारखाने नवे उभे राहत होते तेव्हा पैठणहून येऊन कामाला लागला, आणि पहिलं काय घेतलं तर घड्याळ. त्याच साली गोदावरीच्या वाळूत कुठल्याशा सिनेमाचं शूटिंग झालं, आसपासची पोरं सैनिक म्हणून उभी केली. एवढं घरात ऐकलं होतं. सिनेमा कुठला, कुणालाच माहीत नव्हतं. वर्षभरात शिफ्टची बस उलटली. मामा तेवीस वर्षांचा, आई आठ. त्याचा एकच फोटो होता, गेटपासवरचा. २००६च्या पुरात मावशीच्या घरातून तोही गेला.

आई आत गेली. बांगड्यांच्या डब्यातून घड्याळ घेऊन आली. पांढरी तबकडी. हिरव्या कॅनव्हासचा रुंद पट्टा, मामानं स्वतः शिवलेला.

आईचा शब्द म्हणजे पुरावा नव्हे. मी व्हर्नियर काढला. तबकडी ३३.१ मिलिमीटर, पट्टा २२.४. संगणकावर फ्रेममधला मनगटाचा तुकडा मोठा करून मोजला. तबकडी अठ्ठावीस, पट्टा एकोणीस. प्रमाण तेच. घड्याळ तेच आहे, शंका नाही.

आई म्हणाली, ‘माप काय घेतीस? माझा भाऊ मला कळत नाही का?’

आणि मी ते घड्याळ पुसायला सांगितलंय.

४ मार्च

कंपनीला पत्र — क्रमांक सात मागे घेते. दोन ओळींत उत्तर. ‘दुरुस्ती आपल्याच अहवालानुसार झाली आहे. सहकार्याबद्दल आभार.’

५ मार्च

संध्याकाळी कामावरून आले की आई हात पुसत बाहेर येते. ‘लाव ना.’ चार सेकंद आणि सहा फ्रेम. एकशे दोन फ्रेम. ती हात जोडून ‘जयभीम, दादा’ म्हणते आणि पुन्हा कुकर लावायला जाते.

आज विचारलं, ‘शेवटी कोण जिंकतं गं?’

मला माहीत नाही! नऊ वेळा पाहिलाय हा सिनेमा.

८ मार्च

राजकुमारांना फोन केला. मायक्रॉन बोलतेय, म्हटलं.

‘आप… मायक्रॉन?’

‘हो.’

‘बाई? माफ करा, मॅडम. मी समजत होतो पन्नाशीचे, निवृत्त इंजिनिअर असतील. बायकोला पण तसंच सांगितलं.’

मग म्हणाले, ‘कंपनी एका माणसाचं ऐकणार नाही. ग्रुपवर कारण लिहा. दोनशे लोकांनी म्हटलं तर ऐकतील.’

‘कारण खासगी आहे.’

‘मग घड्याळ पण खासगीच जाईल की हो.’

संध्याकाळपासून वाक्य जमत नाही. जिना चढते, उतरते. आई म्हणते, पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या.

१२ मार्च

लिहिलं. चार वाक्यं. ‘क्रमांक सातमधला सैनिक माझा मामा आहे. त्याचा एकही फोटो उरलेला नाही. ते घड्याळ आमच्या घरी आहे. ते पुसू नये असं कंपनीला कळवावं, ही विनंती.’ खाली खरं नाव. रूपा.

पाठवायचं बटण दाबून फोन गादीखाली ठेवला.

१३ मार्च

साठ जणांनी कंपनीला लिहिलं. अनोळखी साठ माणसं! एकानं लिहिलंय, ‘रहने दो घड़ी, उसी को देखने फिर से लगाऊँगा.’

आणि एकानं माझंच वाक्य मला परत केलं — चूक गोड असली तरी चूकच असते. खाली: ‘आपणच शिकवलंत, मॅडम.’

बरोबर आहे त्याचं. म्हणूनच झोंबलं.

२२ मार्च, शनिवार

छपाई होऊन गेली, असं उत्तर आलं. संपलं.

आईला सांगावंच लागलं. सगळं सांगितलं — यादी, सातवा क्रमांक, मीच. तिनं कणीक मळायची थांबवली नाही.

‘घड्याळ पुसणार. त्याला तर नाही ना पुसणार?’

‘नाही.’

‘मग असू दे. घड्याळ माझ्या डब्यात आहे. चेहरा राहिला म्हणजे झालं.’

एवढंच? मी ओरडा खायची तयारी करून गेले होते. ओरडली असती तर बरं झालं असतं.

८ एप्रिल

नवी डिस्क आली. आधी माप, मग मत.

त्यांनी घड्याळ पुसलेलंच नाही. तो एक प्रसंग थोडा मोठा करून डावीकडे सरकवलाय, झालं. डाव्या कडेचा सहा टक्के भाग बाहेर गेला. त्यात मनगट गेलं आणि कडेला उभा असलेला दुसरा एक सैनिक, अर्धाच दिसायचा तो. बाकी सगळं शाबूत. मामाचा चेहरा उलट मोठा दिसतो. सहा टक्क्यांत एवढं चालतं.

आई बघत राहिली. ‘हात कुठं गेला त्याचा?’

‘कडेबाहेर.’

‘बरं.’ मग पडद्याजवळ वाकून, ‘चेहरा छान दिसतो.’

९ एप्रिल

जुनी डिस्क कुरिअरला दिली. ठेवावीशी वाटत होती. पण सही केली होती, आणि सही म्हणजे सही.

१३ एप्रिल, रविवार

उद्याच्या जयंतीसाठी पैठणहून मावशी आली. गोजरबाई, आईची सगळ्यात थोरली बहीण, त्रेसष्ट वर्षांची. पाणी प्यायच्या आत आईनं तिला टीव्हीसमोर बसवलं. ‘आक्का, दादा बघ.’

मावशीनं चष्मा पुसला, पुढं वाकली.

‘कुठं हाय?’

‘हा काय, समोर!’

‘ह्यो? ह्यो कुठला मोत्या! ह्यो तर गोकुळ. बद्रीनाथ पाटलाचा.’

आई हसली. ‘आक्का, घड्याळ होतं याच्या हातात. आता कापलं. आपलंच घड्याळ, रूपानं मोजलंय.’

‘आसंल की. मोत्यानंच घालाया दिलतं. लई दोस्ती दोघांची. सिनेमावाले म्हनले घड्याळं काढा, तर मोत्यानं काढलं आन् ह्यानं मागून घातलं, बाहीत लपवून! बापाला कळतं तर चामडी लोळवली असती — घड्याळापायी नाय, कुनाचं घातलं त्यापायी. मी भाकरी घिऊन तिथंच वाळूत हुभी हुते.’

‘मग दादा कुठंय?’

‘गोकुळच्या ह्या अंगाला.’ मावशीनं बोट ठेवलं. पडद्याच्या डाव्या बाजूला, बाहेर. टीव्हीच्या प्लास्टिकवर.

आईनं त्या बोटाकडे पाहिलं. मग मावशीला हसू फुटलं. ‘महिनाभर पाटलाच्या पोराला जयभीम घालतीस व्हय गं सुले!’

आई हसली नाही. पदरानं तोंड पुसत होती. ‘आक्का, मी आठ वर्षांची होते. मला त्याचा चेहरा आठवत नाही. कधीच आठवत नव्हता. घड्याळ दिसलं, म्हटलं तोच असणार.’

कडेचा अर्धा सैनिक. मीच लिहून ठेवलंय वर — एवढं चालतं.

जुनी डिस्क गेली. संगणकावर शोधलं — आहे, पण फक्त मनगट. दोष दिसेल एवढाच तुकडा कापून ठेवायची माझी सवय. ग्रुपवरही तेवढाच टाकलेला. पट्ट्याचा एकेक टाका मोजता येतो, आणि शेजारचा माणूस नाही!

ग्रुपवर विचारलं, जुनी कुणाकडे आहे? सगळ्यांनी पाठवून दिलेली. माझा शब्द मानून.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी औरंगपुरा. दुकानाचं शटर अर्धं खाली, राजकुमार आत डिस्क लावत बसलेले. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी फळीवरून एक काढून पुढं केली. जुनी.

‘तुम्ही परत केली नाही?’

‘मॅडम, बरोबरवाली तो कोई भी रखता है. चुकलेली ठेवतो तो संग्राहक.’

‘सही केली असेल ना तुम्ही?’

‘फॉर्मच नाही भरला. ले जाव. आणि आईंना जयभीम सांगा.’

परत येताना क्रांती चौकात मिरवणूक. दीड तास जागेवर. ढोल, निळे झेंडे, आणि मी पर्स छातीशी धरून. कुणाचा धक्का लागला की डिस्क चाचपायची. आई आणि मावशी याच गर्दीत कुठंतरी आहेत. घरी जाऊन एकटीनं लावणार नाही. आधी आई.

१४ एप्रिल, संध्याकाळी

त्या आल्या. दोघींचे घसे बसलेले. तोच प्रसंग लावला.

मावशी म्हणाली, ‘व्हय. ह्योच.’

डावी कड. अर्धा चेहरा, एक डोळा, रिकामं मनगट. सगळे समोर शत्रूकडे बघून ओरडतायत. तो एकटा गोकुळच्या हातातल्या आपल्या घड्याळाकडे बघून हसतोय.

आई पडद्याजवळ गेली. मग म्हणाली, ‘नाही आठवत. पण आता पाहिला.’ आणि खाली बसली. ‘रूपा, आता पहिल्यापासून लाव. कोण जिंकतं ते बघू.’

यादी दुरुस्त करून ग्रुपवर टाकली.

क्रमांक ७. १:१२:२६. डावी कड. मोतीराम, वय २२, पैठण. दोष नाही.