हौद स्वच्छ आहे

४ सप्टेंबर
त्या सकाळी दूध उतू गेलं होतं. शेगडी पुसली, केर काढला, भांडी पालथी घातली आणि मग खिडकीतली ती बरणी दिसली. तळाला चार बोटं चिखल, वर पाणी. ह्यांचा उद्योग. मी ती बाहेर ओतली, घासूनपुसून साखर भरली. हे धरणावरून आले, रिकाम्या खिडकीकडे बघितलं, साखरेकडे बघितलं, बरं म्हणाले आणि चहा प्यायले. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. ती सकाळ आठवली की अजून मला माझंच कौतुक वाटतं.

आठवण निघाली नव्या इंजिनीअरबाईमुळे. पायांत गमबूट, वय माझ्या चपलांएवढं. माझं काम तिने मलाच समजावलं: मातीचं धरण थोडं पाझरतंच, ते पाणी पायथ्याच्या हौदात येतं, पट्टीवरचा आकडा रोज वहीत लिहायचा. मी म्हटलं, बाई, ह्यांनी तीस वर्षं हेच केलं आणि आता मी करते. तिने विचारलं, पाणी कधी गढूळ येतं का? मी म्हटलं, माझ्या हौदात? तळ दिसतो, तोंड बघून घ्या.
तिने तोंड नाही बघितलं. काहीतरी लिहून घेतलं.

संकल्प: गमबूटशी कामापुरतंच बोलायचं. तिची तक्रार वर पाठवायची. ह्यांच्या ट्रंकेतलं धरणाच्या देखभालीचं पुस्तक वाचून काढायचं, म्हणजे पुढच्या वेळी तिचीच परीक्षा घेता येईल.

६ सप्टेंबर
तक्रार लिहिली. तीन पानं. फाडली. अक्षर रागात बिघडतं.
पुस्तकाची तीन प्रकरणं झाली. चौथं सोडलं. ‘हौदाची स्वच्छता’. ते मला कुणी शिकवू नये.

९ सप्टेंबर, रात्री ११ वाजता
गमबूट न कळवता आली. हौदात बोट फिरवलं. काय मिळणार? कप्पाळ! सहालाच खराटा मारून झाला होता. म्हणाली, काकू, आठ दिवस हात लावू नका. मी म्हटलं, काकू घरी, इथे मी वॉचमन आहे. आणि माझ्या खराट्याला सुट्टी देणारी तू कोण?
मग विचारलं, तुमचे मिस्टर कसं करायचे? मी सांगून टाकलं की ह्या एका बाबतीत ते आळशी होते. आठ-आठ दिवस गाळ तसाच. तीस वर्षं आमचं भांडण काय ते तेवढ्यावरून.
परक्या पोरीपुढे त्यांना आळशी म्हणायला नको होतं. दिवसभर घास गोड लागला नाही. दोष तिचाच.

११ सप्टेंबर
नणंद आली. धरणाखालचं पहिलं घर तिचं, त्यामुळे धरणही आपलंच असं तिला वाटतं. म्हणाली, वहिनी, तुमचं धरण माझ्या परसात यायला लागलंय, पाय रुततो. मी म्हटलं, नळ गळत असेल, वायसर बदला. म्हणाली, दादा असता तर ओल बघायला काठी घेऊन धावत आला असता. मी म्हटलं, दादा असते तर तुम्ही चहाला आला असतात, भांडायला नाही. ती म्हणाली, भावाची नोकरी मिळाली, अक्कल नाही मिळाली.
चहा न घेता गेली. बरं झालं, दूध कमी होतं.

१४ सप्टेंबर
कामात चांगलाच हात बसलाय. पूर्वी चार दिवसांनी एक घमेलं गाळ निघायचा, आता रोज दोन निघतात. ऑफिसच्या दाराशी वाफा केलाय, सगळा त्यात टाकते. गुडघ्याएवढा झाला. मऊ, पिवळी माती, एक खडा नाही. फुलं लावणार. गमबूटने बघावं, कचऱ्यातून बाग कशी करतात ते.
वहीत नेहमीप्रमाणे: हौद स्वच्छ.

१८ सप्टेंबर
काल कंबर धरली, हौदाकडे गेले नाही. आज बघते तर हौद काठोकाठ चिखल, पट्टी दिसेना. एक दिवस बाई झोपली तर ही दशा! पाच घमेली काढली. पाणी चहासारखं.

१९ सप्टेंबर, दुपार
झटपट साफ करायची काही युक्ती असेल म्हणून चौथं प्रकरण उघडलं.
पहिलंच वाक्य: गाळ मोजल्याशिवाय काढू नये. दुसरं: नमुना काचेच्या बरणीत ठेवावा. तिसरं: गाळ वाढू लागला तर धरण आतून पोखरलं जात आहे असं समजून ताबडतोब कळवावं.
समासात ह्यांची पेन्सिल. मार्च, दोन बोटं. एप्रिल, दोन. मे, तीन. जून, चार, साहेबांना दाखवायची. त्याखाली: बरणी धुतली गेली. पुन्हा पहिल्यापासून.
कुणी धुतली ते लिहिलेलं नाही. जुलैत हे गेले.
वाफा दारातच आहे. सकाळपासून तीनदा त्याला वळसा घालून आत आले.
गमबूटला फोन केला. गाळ किती ते सांगितलं, गेला कुठे तेही सांगितलं. वाटलं ओरडेल. ओरडली नाही. म्हणाली, वाफ्याला हात लावू नका, मी निघाले. आजच धरणातलं पाणी सोडायला सुरुवात करू, खालची घरं आत्ताच रिकामी करा.

२० सप्टेंबर
काल फोन ठेवल्यावर साखर डब्यात ओतली. बरणी हौदातल्या पाण्याने भरून खिडकीत ठेवली. मग खाली जाऊन नणंदेचं दार वाजवलं, चूक माझी आहे म्हणून सांगितलं, आणि तिच्या ट्रंकेचं एक कडं धरून तिला चढावरून माझ्या घरी आणलं.