माझी आठशे आणि चोवीस पानांची पुस्तिका

सोमवार, ५ जानेवारी

माझी मारुती आठशे कापली. इसूफभाईंनी दुपारी तीन वाजता फोनवरून दुजोरा दिला – "वैनी, कापली. रडू नका." मी रडत नव्हते. पापड भाजत होते.

एकवीस वर्षं चालवली ती गाडी. वर्तमानपत्राच्या डेस्कवरून उठले की थेट तिच्यात. आता तिचं इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग आणि चाकं ठेवायची, बाकी पत्रा भंगारात. ठेवलेलं सगळं पाइपच्या नव्या सांगाड्यात बसवायचं आणि वरून फायबरची बॉडी – लांब नाक, गोल दिवे, दोनच सीटा, टप नाही. नव्वद वर्षांपूर्वी एखादा संस्थानिक पळवायचा तसली रेसर.

अशी एक गाडी आमच्या यजमानांनी, उदयसिंहांनी, निवृत्तीनंतर इसूफभाईंबरोबर बनवलीही. चिंचोळी एमआयडीसीतल्या इसूफभाईंच्या शेडमध्ये दोन वर्षं खपले दोघे. दिवाळीत ती फिरली. पण ती डोक्यातून बनवलेली. आता त्यांना किट काढायचंय – म्हणजे सांगाडा, बॉडी आणि नटबोल्टच्या पिशव्या पेटीत भरून द्यायच्या, कुठल्याही गॅरेजवाल्यानं त्या जुन्या आठशेच्या सामानावर चढवायच्या. रस्त्यावर न्यायची परवानगी नाही, फक्त आवारात फिरवायची. म्हणजे गिऱ्हाईक कोण? "मंगल कार्यालयवाले," मी म्हटलं. "नवरदेवाला मिरवायला."

त्यांनी ताटातला पापड परत डब्यात टाकला.

मंगळवार, ६ जानेवारी

अटी इथे लिहून ठेवते, नंतर वाद नको.

आमच्या लेकीनं, उत्कर्षानं, पुण्यात तिच्याच सोसायटीत आमच्यासाठी तळमजल्याचा फ्लॅट बघून ठेवलाय. मालक एक फेब्रुवारीपर्यंत थांबणार. उदयसिंहांना सोलापूर सोडायचं नाही. मग लेकीपुढेच ठरलं – किट आधी न पाहिलेल्या माणसानं फक्त पुस्तिका वाचून ते जोडायचं. ३१ जानेवारीच्या आत गाडीनं शेडला एक चक्कर मारली, तर आम्ही इथेच. नाही मारली, तर बोचकी बांधायची.

मी पुण्याच्या बाजूची. तिथे नात आहे, दवाखाना जवळ आहे, आणि एप्रिलमधलं सोलापूर नाही.

"तू तटस्थ राहा," उदयसिंह म्हणाले.

"पेपरात चौतीस वर्षं राहिले. पुरे झालं."

गुरुवार, ८ जानेवारी

उदयसिंहांनी पुस्तिका लिहिली आणि मी ती वाचायची चूक केली. "नट आवळावा परंतु फार आवळू नये तथापि सैलही सोडू नये" – असं अकरा पानं. पूर्णविराम एकच, शेवटी, तोही शाई सांडल्यासारखा.

हे कोणी वाचून गाडी जोडली तर ती अक्कलकोटपर्यंत उलटी जाईल. मीच लिहायला घेतली.

"तुला गाडीतलं काय कळतं?"

"मला वाक्यातलं कळतं. गाडीतलं तुम्ही सांगा."

उत्कर्षा फोनवर – "आई, तू नक्की कुणाच्या बाजूला आहेस?" म्हटलं, पुण्याच्याच. पण समोर आलेला घाण मजकूर सुधारून हातावेगळा केल्याशिवाय मला झोप येत नाही.

सोमवार, १२ जानेवारी

पुस्तिका पूर्ण. चोवीस पानं, ठरल्या वेळेच्या एक दिवस आधी. उदयसिंहांनी दोनदा वाचून पास केली.

जोडणारा फिटर अमरेश. पण तो सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाबरोबर आहे. शुक्रवारपर्यंत मिळायचा नाही. उदयसिंहांचा चेहरा बघून म्हटलं, "सिद्धेश्वरांना तारीख बदलायला सांगू का?"

शनिवार, १७ जानेवारी

अमरेश आला. चाळिशीचा, शांत माणूस. ओळीवर बोट ठेवून वाचतो, मग पाना उचलतो.

उदयसिंहांनी तोंड उघडायचं नाही, ही अट. ते कोपऱ्यात स्टुलावर बसतात आणि कण्हतात. इसूफभाईंनी आज नियम वाढवला – "भाऊ, कण्हायचं पण न्हाय. त्यात पण इशारा हाय."

इसूफभाईंनी पुस्तिका चाळली. "लई भारी लिवलंय वैनी. एकदम पेपरवानी."

कौतुक समजून घेतलं.

गुरुवार, २२ जानेवारी

इंजिन बसलं. माझ्या आठशेचं इंजिन त्या उघड्या सांगाड्यात फार लहान दिसलं. मी शेडच्या बाहेर जाऊन उभी राहिले. ऊन लागत होतं म्हणून.

मंगळवार, २७ जानेवारी

स्टिअरिंग बसत नाही. अमरेशनं सकाळी सांगितलं, इसूफभाईंनी हात घालून खात्री केली, मग मी स्वतः वाकून पाहिलं. स्टिअरिंगचा आडवा दांडा इंजिनच्या मागच्या बाजूला येतो. इंजिन आधी बसलं की तिथे पाना सोडा, बोटसुद्धा जात नाही.

"मग इंजिन आधी का बसवलंस?" उदयसिंहांचा आवाज प्रथमच चढला.

"पुस्तकात लिवलंय तसंच केलं की. पान तीनला इंजिन. स्टेरिंग पान अकराला हाय."

पान तीनला इंजिन मीच टाकलं होतं. सर्वांत महत्त्वाचं आधी, किरकोळ मागून – चौतीस वर्षं हेच केलं. आग लागली हे पहिल्या ओळीत. बंब किती वाजता आला ते शेवटी, जागा उरली तर. गाडीतलं सर्वांत महत्त्वाचं काय? इंजिन. म्हणून ते वर. मी गाडीची बातमी लिहिली होती. आणि उदयसिंहांना सगळं पाठ, त्यामुळे दोनदा वाचूनही क्रम त्यांना दिसलाच नाही.

इंजिन पुन्हा काढायचं, त्याबरोबर केबली, नळ्या, सगळंच. "पाच-सात दिवस," इसूफभाई म्हणाले आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

घरी येताना रिक्षात उदयसिंह हसले. "मुद्दाम केलंस का गं?"

"नाही."

"नाही, पुण्याचं एवढं मनावर घेतलं होतंस, म्हणून म्हटलं."

गंमतच होती ती. पण हसणं संपल्यावर ते घर येईपर्यंत बाहेर बघत राहिले. पेपरात चुकीबद्दल खुलासा दुसऱ्या दिवशी छापायची सोय असते. इथे कुठे छापू?

बुधवार, २८ जानेवारी

सकाळभर पुस्तिका पुन्हा लिहिली. या वेळी अमरेशला शेजारी बसवून, त्याचे हात जातात त्या क्रमानं. इंजिन पान चौदावर. दुपारी एक फोन केला.

शुक्रवार, ३० जानेवारी

इंजिन बाहेर, स्टिअरिंग आत. अमरेश म्हणाला, "आता वाचायला कंटाळा येतोय वैनी. म्हंजी बरोबर हाय."

उद्या चक्कर होत नाही, हे सगळ्यांनाच कळलंय. उदयसिंह शब्दाला जागणारे. करकंबच्या जोतीरामचा टेम्पो त्यांनी येत्या बुधवारसाठी सांगून टाकला, हत्यारं पोत्यांत भरली, पोत्यांवर खडूनं 'पुणे' लिहिलं. मला विचारलं, "त्या फ्लॅटच्या गॅलरीत लोखंड पकडायचा व्हाइस बसेल का?" मी म्हटलं, मोजावं लागेल.

इसूफभाई – "पुण्यात काय करनार भाऊ तुमी? पेपर वाचत बसनार?"

"घरात संपादक आहेच. तिला चुका काढून देईन."

जायच्या आत गाडी उभी करायची म्हणून सकाळी सहालाच शेडवर जातात. दोन वर्षांत झालं नाही एवढं काम तीन दिवसांत झालं. आता कण्हतही नाहीत.

शनिवार, ३१ जानेवारी

गाडीनं चक्कर मारली नाही. वायरिंग बाकी आहे. इसूफभाई आणि अमरेश, दोघांचाही दुजोरा.

पुण्याचा फ्लॅटही गेला. उत्कर्षानं आज कळवलं, उद्यापासून तिथे बँकेतलं एक जोडपं राहायला येतंय. फ्लॅट सोडून दे, आम्ही येत नाही, असं मीच गेल्या बुधवारी फोन करून तिला सांगितलं होतं. चूक डेस्कची म्हणजे माझी, शिक्षा वार्ताहराला का? जोतीरामलाही येऊ नकोस म्हणून कळवलंय. उदयसिंहांना यातलं काही माहीत नाही. हा माणूस तारखेच्या धाकाशिवाय हलत नाही, म्हणून धाक राहू दिलाय.

मंगळवारी गाडी सुरू होणं अपेक्षित आहे. ती शेडला चक्कर मारून थांबली, की सांगेन.